वाजवणाऱ्या हातांचा मान

गेल्या फेब्रुवारीतील गोष्ट. कल्याण पूर्वेला आमच्या वस्तीतील विहारात जयंती मंडळाची बैठक भरली होती. विषय दरवर्षीचाच, मिरवणुकीला डीजे लावायचा की बँड? आम्ही मंडळाचा जमाखर्च पाहतो, त्यामुळे वही घेऊन भिंतीला टेकून बसलो होतो. तरुणांचे मत डीजेकडे झुकलेले होते. तेवढ्यात सुपारीसाठी आलेले बँडमास्तर बोलायला उठले. वय सत्तरीच्या घरात, अंगात साधा सदरा. ते म्हणाले, "सुपारी द्या किंवा देऊ नका. पण वस्तीतली चार मुलं मला द्या. मी फुकट शिकवतो. माझ्या मागे ही वाद्यं भंगारात जायला नकोत."

क्षणभर कोणी बोलले नाही. मग महिलांच्या बाजूने नववीतील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मी शिकेन. मला ट्रंपेट शिकायचंय." काही जण हसले. तिचे आजोबा मात्र हसले नाहीत. रेल्वेतून निवृत्त झालेले, चळवळीत आयुष्य घातलेले गृहस्थ. ते ताडकन उठले. "आमच्या बापाने गावकीतलं वाजवणं टाकलं, म्हणून गावाने आम्हाला वाळीत टाकलं. दुकानात मीठसुद्धा मिळेना. कशासाठी सोसलं ते? नातीने पुन्हा दुसऱ्याच्या वरातीपुढे वाजवावं म्हणून?"

सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे वळल्या. "तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच सांगा." पुढच्या बैठकीत सांगतो, असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. पण प्रश्न काही सुटेना. आजोबांचे दुःख खरे होते, आणि मुलीची इच्छाही खरी होती.

आम्हाला बँड ऐकण्याचा नाद जुना आहे. ठाण्याच्या कचेरीतून सुटलो की कल्याण लोकलमध्ये कानाला यंत्र लावून जगभरचे बँड ऐकत येतो. त्या आठवड्यात एका परदेशी बँडने वाजवलेली एक जुनी अमेरिकन चीज कानावर पडली. तिच्या रचनाकाराचे नाव स्कॉट जॉप्लिन. या माणसाची हकीकत शोधत गेलो आणि आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर हळूहळू सापडत गेले. ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

फाटका ताल म्हणजे काय?

या संगीताला रॅगटाइम म्हणतात. आपल्या शास्त्रीय संगीतातील रागाशी त्याचा काही संबंध नाही. इंग्रजीत 'रॅग' म्हणजे चिंधी. सरळ ताल जागोजागी फाडून पुन्हा जोडल्यासारखा वाटतो, म्हणून हे नाव पडले असे मानतात. आपल्या आया-आज्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांची वाकळ शिवतात ना, तसाच काहीसा प्रकार.

घरच्या घरी करून पाहा. डाव्या हाताने मांडीवर एकसारखा ठेका धरा, एक-दोन, एक-दोन. तो चुकू देऊ नका. आता उजव्या हाताने त्या ठोक्यांवर चुटकी न वाजवता दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत वाजवा. मध्येच एखादी ठोक्याच्या किंचित आधी येऊ द्या. डावा हात शिस्तीत चाललेला आणि उजवा हात त्याच्याशी खोडी काढतो आहे, असे वाटेल. पाय आपोआप हलू लागतील. हाच रॅगटाइम. पियानोवर डावा हात लष्करी कवायतीसारखा चालतो आणि उजवा हात आफ्रिकेतून आलेल्या लोकांच्या तालाने नाचतो.

हे संगीत अमेरिकेतील काळ्या लोकांनी घडवले. तेथील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. त्यानंतर जन्मलेल्या पहिल्या पिढीच्या हातून रॅगटाइम आकाराला आला. पण सुरुवातीला त्याला मान नव्हता. दारूच्या गुत्त्यांत आणि बदनाम वस्त्यांत ते वाजे. त्या काळच्या कित्येक गाण्यांच्या छापील प्रतींवर काळ्या माणसांची जाड ओठांची, बटबटीत डोळ्यांची हिणकस चित्रे काढलेली असत. संगीत त्यांचे आणि टिंगलही त्यांचीच!

रेल्वे मजुराचा मुलगा

स्कॉट जॉप्लिनचा जन्म १८६७-६८ च्या सुमारास टेक्सास राज्यात झाला. वडील पूर्वाश्रमीचे गुलाम, पुढे रेल्वेत मजूर. कल्याणच्या वाचकांना रेल्वे मजुराचे घर कसे असते हे वेगळे सांगायला नको. वडील व्हायोलिन वाजवीत. आई गात असे, बँजो वाजवीत असे आणि गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी-साफसफाईची कामे करीत असे. आई कामाला जाई त्या घरातील पियानोवर हा पोरगा बोटे फिरवू लागला. ज्यूलियस वाइस नावाच्या जर्मन शिक्षकाने त्याचे गुण ओळखून त्याला फुकट शिकवले. आमच्या बँडमास्तरांची आठवण येथे कोणाला होणार नाही?

पुढे जॉप्लिन मिसुरी राज्यातील सेडेलिया या गावी आला. हेही रेल्वेचेच गाव. तेथे काळ्या वादकांचा 'क्वीन सिटी कॉर्नेट बँड' होता. जॉप्लिन त्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवीत असे. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचाच थोडा आखूड भाऊ. तेव्हा रॅगटाइमचा हा मोठा रचनाकार स्वतः गावचा बँडवाला होता, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. त्याच गावात काळ्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या जॉर्ज आर. स्मिथ कॉलेजात त्याने संगीताचे शिक्षणही घेतले.

आता थोडा हिशेब पाहू, कारण आमचा पिंडच कारकुनाचा. १८९९ च्या सुरुवातीला जॉप्लिनची 'ओरिजिनल रॅग्ज' ही रचना छापली गेली. ती त्याने एकरकमी विकून टाकली होती. वर मुखपृष्ठावर रचना बसवणारा म्हणून दुसऱ्याच माणसाचे नाव छापले गेले! या अनुभवातून तो शहाणा झाला. त्याच वर्षी 'मेपल लीफ रॅग' छापायची वेळ आली तेव्हा त्याने वकिलाच्या मदतीने प्रकाशक जॉन स्टार्क यांच्याशी लेखी करार केला. दर प्रतीमागे एक सेंट जॉप्लिनला मिळायचा. पहिल्या चारशे प्रती खपायला वर्ष लागले, म्हणजे वर्षाची कमाई अवघी चार डॉलर. पण पुढे खप लाखांच्या घरात गेला आणि तो एक सेंट आयुष्यभर त्याच्या घरी येत राहिला. रक्कम लहान होती, तरी तिच्यामागे त्याचे नाव होते, सही होती आणि हक्क होता.

आणखी एक गोष्ट. आपल्या रचना घाईने वाजवू नयेत, अशी सूचना जॉप्लिन छापील प्रतीवरच देत असे. रॅगटाइम म्हणजे धांगडधिंगा नव्हे, ते अभ्यासाने वाजवायचे संगीत आहे, हे त्याला ठसवायचे होते.

पियानोवरून बँडवर

पियानो घरात किंवा सभागृहात राहतो. रस्त्यावर आणि बागेत लोकांपर्यंत संगीत पोचवतो तो बँड. त्या काळी अमेरिकेत गावोगाव बँड होते, तेव्हा रॅगटाइम बँडवर येणे ओघानेच आले. ते कसे बसवतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

पियानोवाल्याला दोनच हात. बँडमास्तर ते दोन हात पंचवीस-तीस माणसांत वाटून देतो. डाव्या हाताचा खालचा ठोका ट्यूबा आणि मोठ्या ढोलाकडे जातो. त्यालगतचा वरचा ठोका हॉर्न आणि ट्रॉम्बोनकडे. म्हणजे एकाने 'धम्' म्हणायचे आणि दुसऱ्यांनी लगेच 'चक्' म्हणायचे. उजव्या हाताची खोडकर चाल क्लॅरिनेट आणि कॉर्नेटकडे येते. युफोनियम मधूनच आपली वेगळी ओळ गातो. सोळा-सोळा मात्रागटांचे तीन-चार तुकडे असतात आणि बहुतेक तुकडा दोनदा वाजतो. पहिल्या वेळी हलके, दुसऱ्या वेळी सगळा बँड. मध्यावर सूर बदलतो, वातावरण मऊ होते आणि शेवटी पुन्हा झळाळी येते. ही बांधणी लष्करी मार्चवरूनच आली आहे.

अवघड काय आहे? पंचवीस माणसांनी एकाच वेळी ठोका चुकवायचा आणि तरीही ठोका सोडायचा नाही! एकट्याने खोडी काढणे सोपे, सगळ्यांनी मिळून काढायची तर प्रत्येकाला समोरचा कागद वाचता यायला हवा. नोटेशन म्हणतात ते हेच. ज्याला नोटेशन येते, तो वादक जगातील कुठल्याही बँडमध्ये दुसऱ्या दिवशी बसू शकतो.

जॉन फिलिप सूझा हे अमेरिकेतील सर्वांत नामवंत बँडमास्तर. त्यांच्या बँडमधील ट्रॉम्बोनवादक आर्थर प्रायर हे मिसुरीचे असल्याने हा ताल त्यांच्या अंगात भिनलेला होता. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात सूझांच्या बँडने रॅगटाइम वाजवला आणि युरोप थक्क झाला. पुढे स्टार्क यांनी जॉप्लिनच्या व इतरांच्या पंधरा रचना छोट्या वाद्यवृंदासाठी बसवून छापल्या. त्या संग्रहाच्या लाल वेष्टनामुळे वादक त्याला 'रेड बॅक बुक' म्हणत.

न्यूयॉर्क, १९१५

जॉप्लिन १९०७ साली न्यूयॉर्कला गेला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. हे वाचताना आम्ही थबकलो. बाबासाहेब १९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कला पोचले आणि १९१६ पर्यंत कोलंबिया विद्यापीठात शिकले. विद्यापीठाला लागूनच हार्लेम, काळ्या लोकांची वाढत चाललेली वस्ती. म्हणजे बाबासाहेब ग्रंथालयात रात्रंदिवस वाचत होते, त्याच वर्षांत त्याच शहरात जॉप्लिन आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या कामाशी झुंजत होता. ते काम म्हणजे 'ट्रीमोनिशा' हे संगीतनाटक.

त्याची कथा ऐका. एका नि:संतान, पूर्वी गुलाम असलेल्या जोडप्याला झाडाखाली एक तान्ही मुलगी सापडते. ते तिला वाढवतात, शिकवतात. वस्तीतील ती एकमेव शिकलेली मुलगी. वस्तीत गंडे-ताईत विकणारे मांत्रिक लोकांना लुबाडत असतात. ती त्यांना विरोध करते, म्हणून ते तिला पळवून नेतात. सुटका झाल्यावर ती त्यांना शिक्षा करू देत नाही, क्षमा करते. आणि शेवटी सगळी वस्ती त्या शिकलेल्या मुलीलाच आपली पुढारी निवडते.

शिक्षण, अंधश्रद्धेचा धिक्कार आणि स्त्रीचे नेतृत्व! १९११ साली जॉप्लिनने हे पुस्तक स्वतःच्या पैशाने छापले, कारण प्रकाशक मिळेना. १९१५ साली हार्लेममध्ये त्याने त्याचा साधा प्रयोग केला. ना पडदे, ना वाद्यवृंद, स्वतः पियानोवर बसला. प्रयोग पडला. बाबासाहेबांना एम. ए. मिळाले ते हेच साल. १ एप्रिल १९१७ रोजी जॉप्लिन वारला. त्याच्या कबरीवर पुढे सत्तावन्न वर्षे नावाचा दगडही नव्हता.

त्याच शहरात आणखी एक माणूस होता, जेम्स रीस युरोप. त्याने १९१० साली काळ्या वादकांची 'क्लेफ क्लब' ही संघटना काढली. वादकांना काम मिळवून देणे, त्यांचा दर ठरवणे आणि तो पदरात पाडून घेणे, हे तिचे काम. थोडक्यात, वादकांची युनियन! १९१२ च्या मे महिन्यात या संघटनेच्या शंभरावर वादकांनी कार्नेगी हॉल या मानाच्या सभागृहात कार्यक्रम केला. पहिल्या महायुद्धात युरोप ३६९ व्या काळ्या पलटणीत अधिकारी झाला आणि त्याने तिचा बँड उभा केला. अमेरिकेच्या सैन्याने या पलटणीला आपल्या गोऱ्या सैनिकांबरोबर लढू दिले नाही, फ्रेंचांच्या हाताखाली दिले. तेथे ती शौर्याने लढली आणि तिच्या बँडने १९१८ साली फ्रान्समधील गावागावांत हा नवा ताल पोचवला. १७ फेब्रुवारी १९१९ रोजी पलटण न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून संचलन करीत हार्लेममध्ये शिरली, तेव्हा बँड पुढे होता. ज्यांना हॉटेलच्या मागल्या दाराने आत घेत, ते शहराच्या राजरस्त्यावरून छाती काढून चालले.

ताजमहाल हॉटेल ते आपली गल्ली

हा ताल आपल्याकडे कसा आला? जेम्स रीस युरोपच्या वाद्यवृंदाने १९१३-१४ साली न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रिका केल्या, तेव्हा त्यात क्रिकेट स्मिथ नावाचा काळा कॉर्नेटवादक होता. हाच क्रिकेट स्मिथ १९३६ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आपला बँड घेऊन वाजवीत होता. तोवर रॅगटाइमचा जॅझ झाला होता. त्याच १९३६ साली बाबासाहेबांचा 'जातिसंस्थेचे उच्चाटन' हा ग्रंथ मुंबईत इंग्रजीतून प्रसिद्ध झाला. लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड हे काळे वादकही त्या काळात मुंबईत होते. त्यांच्या शेजारी बसून गोव्याचे वादक हे संगीत शिकले. गोव्यातील चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणीच नोटेशन शिकवलेले असे, म्हणून ते चटकन शिकले.

हेच गोवेकर पुढे सिनेमाच्या स्टुडिओत वाजवू लागले. त्यांतील ट्रंपेटवादक चिक चॉकलेट संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम करीत. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे हे आपले मराठी संगीतकार. १९५१ च्या 'अलबेला' सिनेमात भगवानदादा नाचले, त्या संगीताची नाळ थेट तिकडे जाते. आणि सिनेमाची ती गाणी उचलली आपल्या लग्नाच्या बँडने. मेरठला नादिर अली कंपनी १८८५ पासूनची, तिच्यासारख्या कारखान्यांतील ट्रंपेट आणि युफोनियम देशभरातील बँडवाल्यांच्या हाती गेले. तेव्हा कल्याणच्या गल्लीत बँड एखादी ठेकेदार चाल वाजवतो आणि पोरे नाचतात, तेव्हा गुलामांच्या नातवंडांनी घडवलेला तो फाटका ताल त्यांच्या पायांत असतो.

आपल्याकडच्या 'बँजो पार्टी'तील बँजो खरे तर बुलबुल तरंग. पण बँजो हे नाव आले आहे आफ्रिकेतून धरून नेलेल्या गुलामांच्या तंतुवाद्यावरून. जॉप्लिनची आई वाजवायची तेच ते.

तिकडे काय झाले तेही सांगायला हवे. १९७३ साली गुंथर शुलर यांनी विद्यार्थ्यांकडून 'रेड बॅक बुक'मधील रचना वाजवून घेऊन ध्वनिमुद्रिका काढली. त्याच वर्षी 'द स्टिंग' या सिनेमात जॉप्लिनची १९०२ सालची 'द एंटरटेनर' ही रचना आली आणि घरोघरी पोचली. आज जगभरच्या शाळा-कॉलेजांचे बँड ती वाजवतात. १९७२ साली अटलांटा शहरात 'ट्रीमोनिशा' रंगमंचावर आले. १९७४ साली जॉप्लिनच्या कबरीवर नाव लागले आणि १९७६ साली त्याला मरणोत्तर पुलित्झर सन्मान मिळाला.

मग आजोबांना काय उत्तर?

पुढच्या बैठकीत आम्ही ही सगळी हकीकत सांगितली आणि मग आजोबांना म्हणालो, "तुमच्या वडिलांनी केलं ते शंभर टक्के बरोबर होतं. पण त्यांनी टाकलं काय? हलगी टाकली की वेठ टाकली? गावकीत वाजवणाऱ्याला नकार द्यायचा हक्क नव्हता. ठरलेली मजुरी नव्हती, शिळंपाकं होतं. त्याला नाव नव्हतं, जात होती. त्यांनी टाकलं ते हे. वाद्याचा काय दोष? भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी ढोलकी वाजवूनच गावं जागी केली ना?"

आजोबा म्हणाले, "बोलायला ठीक आहे. पण आज बँडवाल्याला कोण मान देतं?"

याला आमच्याजवळ उत्तर नव्हते, कारण ते खरे बोलत होते. आम्ही मंडळाची जुनी वही उघडली. फुलवाल्याचे नाव होते, मंडपवाल्याचे नाव होते. बँड मात्र 'इतर खर्च' या सदरात, चहा आणि सुतळीच्या मध्ये. ती नोंद आमच्याच अक्षरातली होती! आपल्या घरच्या मंगल परिणयातही बँडवाल्यांची पंगत शेवटी आणि मांडवाच्या बाहेर बसते, हे आपण पाहतोच. त्या बँडमध्ये मातंग, होलार, मुस्लिम बांधव असतात, आणि आपलेही असतात. ज्या वागणुकीविरुद्ध आपले आजे लढले, ती आपण दुसऱ्याला द्यायची काय?

त्या बैठकीत चार गोष्टी ठरल्या. प्रत्येक मंडळाने आणि प्रत्येक घराने त्या कराव्यात, अशी आमची विनंती आहे. पहिली, बँडशी बोलणी झाली की दर, वेळ आणि माणसे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. जॉप्लिनला एका कागदाने तारले, हे विसरू नये. दुसरी, पत्रकावर बँडमास्तर आणि वादकांची नावे छापावीत. तिसरी, वादकांनी आपल्या पंगतीत, आपल्याबरोबर जेवावे. चौथी, वस्तीतील मुला-मुलींना वाद्याबरोबर नोटेशनही शिकवावे. नोटेशन आले तर पोलीस बँड, लष्करी बँड, स्टुडिओ अशी दारे उघडतात. मुंबई पोलिसांच्या बँडने २०२२ साली सिनेमाची गाणी वाजवली, तेव्हा सगळ्या देशाने मोबाईलवर ऐकली. गणवेशातील त्या वादकांना कोणी 'वाजंत्री' म्हणून हिणवले काय?

ती मुलगी आता रविवारी सकाळी विहारामागच्या खोलीत शिकायला जाते. पहिले दोन आठवडे नुसता फुसफुस आवाज यायचा. आता एक सरळ ओळ निघते. उलटा ताल अजून जमत नाही. मास्तर म्हणतात, "आधी सरळ चालायला शीक, मग खोडी काढ." तिच्याबरोबर आणखी तीन मुले येऊ लागली आहेत. यंदाच्या मिरवणुकीत डीजे नव्हता असे नाही, पण पुढे बँड होता आणि पत्रकावर चौदा वादकांची नावे होती.

आजोबांनी अजून होकार दिलेला नाही. पण परवा रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनी विचारले, "त्या ट्रंपेटची किंमत काय असते हो, नवीन घ्यायची म्हटली तर?" आम्ही चौकशी करून सांगतो म्हणालो.